दोघांत एकच दुर्बीण: तळं, नाचाचा हॉल आणि फुटबॉलची मॅच

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक मोकळे. ८×४२ ची, मधल्या दर्जाची दुर्बीण, पाचपैकी चार स्टार. काचेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कापलेला स्टार उजव्या डोळ्याजवळच्या, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणाऱ्या ढिल्या रिंगचा आहे, आणि त्या रिंगबद्दल मी खाली भरपूर बोलणार आहे, कारण एकट्या माणसाला ती रिंग एकदा लावली की पुन्हा आठवत पण नाही, पण दोघांत एकच दुर्बीण असेल ना तर अख्खा वीकेंड त्या रिंगभोवती फिरतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. या मापाच्या नि या दर्जाच्या बऱ्याच दुर्बिणींना हेच सगळं लागू पडेल, आणि तसंही माझं भांडण कंपनीपेक्षा आपण दुर्बीण घेताना जे प्रश्न विचारतो त्यांच्याशी जास्त आहे. सगळे विचारतात किती लांबचं दिसतं. एकाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यावर जायला किती वेळ लागतो हे कोणी विचारत नाही, आणि जोडप्यासाठी तोच खरा प्रश्न आहे.

वीकेंडचा बेत असा होता. शनिवारी पहाटे पक्षी, कारण नवरा पक्षीवेडा. शनिवारी संध्याकाळी नाच, आधी स्टेजवरचा बघायचा आणि नंतर त्याच हॉलमध्ये सगळ्यांसाठी फ्लोअर खुला होणार होता तिथे स्वतः नाचायचं, हे दोघांचं. रविवारी फुटबॉल, ते माझं, अगदी माझंच. दुर्बीण तिन्हीकडे न्यायची असं मी ठरवलं तेव्हा नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं, त्याच्या मते दुर्बीण ही पक्ष्यांसाठी असते आणि तिच्यातून कॉर्नर किक बघणं म्हणजे तिचा अपमान. रविवारी संध्याकाळपर्यंत तो हे बोलायचा बंद झाला होता, कसा ते येईलच.

आकडे ज्यांना माहीत आहेत त्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. ८ म्हणजे आठपट, ४० मीटरवरचा पक्षी ५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४२ ला ८ ने भागा, ५.२५ येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल मागच्या भिंगातून बाहेर पडून तुमच्या डोळ्यात जातो, याला एक्झिट प्युपिल म्हणतात, दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे केली (सूर्याकडे नाही हं) की हा गोल चक्क दिसतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते त्यामुळे तेव्हा मोठा गोल काय नि छोटा काय, सारखंच. पण पहाटे आणि अंधाऱ्या हॉलमध्ये बाहुली मोठी होते आणि तिथे हा आकडा पैसे वसूल करून देतो. १०×४२ मध्ये तोच गोल ४.२ चा होतो, खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३.१ चा. आणि तिसरा आकडा, जो खोक्यावर बारीक अक्षरात असतो पण सगळ्यात जास्त उपयोगाचा असतो तो म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं ते, आमच्या दुर्बिणीचा १००० मीटरवर १३० मीटर. हा १३० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

आणि हो, "दहापटवालीच घ्या, आठमध्ये काय ठेवलंय" असं सांगणारा एक जण प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्याला विचारा दहापटमध्ये हात किती हलतो. पक्षी जेवढा मोठा होतो तेवढाच हाताचा कंप पण मोठा होतो, शिवाय दिसणारा गोल लहान होतो आणि फोकसची खोली कमी होते म्हणजे चाक सारखं फिरवत बसावं लागतं. लांब समुद्रकिनाऱ्यावर किंवा मोठ्या जलाशयावर बघणाऱ्यांना दहा ठीक आहे. आमच्यासारख्या झुडपात, हॉलमध्ये, स्टेडियममध्ये सगळीकडे एकच वस्तू वापरणाऱ्यांनी आठच घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

तर शनिवार, पहाट, तळं. उजेड फुटायच्या आधीच पोचलो होतो. इथे दुर्बीण खरंच छान वागली, साध्या डोळ्यांना जिथे नुसता करडा काठ दिसत होता तिथे हिच्यातून शेकाट्याचे ते लांबलचक गुलाबी पाय रंगासकट दिसत होते, पाय गुलाबी आहेत हे कळायला डोळ्यांना अजून पंधरा-वीस मिनिटं लागली असती. चित्राच्या कडेला थोडी रंगांची किनार दिसते, म्हणजे पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळट रेघ, पण ती गोलाच्या अगदी कडेलाच, मध्ये नाही. मधलं चित्र स्वच्छ. रूफ प्रिझमच्या, म्हणजे सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत फेज कोटिंग (आतल्या प्रिझमवरचा एक खास थर) नसेल तर बारीक पिसांचा तपशील जरा मऊ पडतो, हिच्यात ते कोटिंग आहे आणि ते कळतं.

नंतर ऊन आल्यावर वेडा राघू दिसला. तारेवर नाही, तळ्याकाठच्या एका वाळक्या काटकीवर. हा पक्षी दुर्बीणवाल्यांसाठी अगदी सोयीचा कारण हवेत झेप घेऊन किडा पकडतो आणि बरेचदा परत त्याच काटकीवर येऊन बसतो, त्यामुळे आपण नुसती काटकी फोकसमध्ये धरून थांबायचं. मी थांबले. तो आला तेव्हा चोचीत मधमाशी होती, आणि मग त्याने ती काटकीवर आपटायला सुरुवात केली, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, मध्ये थांबून चोचीतली पकड बदलायची, परत आपटायची, मग तिचं मागचं टोक काटकीवर घासायचं, नांगी नि विष निघून जावं म्हणून हे सगळं चालतं. एक पंख सुटून खाली गेला तो पण मला दिसला. डोळ्यावरून गेलेली ती काळी पट्टी आणि तिच्या आत लाल डोळा. हे सगळं होत असताना शेजारून "दे ना, दे ना, मला दे" चालू होतंच.

आणि इथे ती रिंग आली.

बघा, दुर्बीण एकाकडून दुसऱ्याकडे गेली की काय काय करावं लागतं. पहिलं, बिजागरी. नवऱ्याच्या दोन डोळ्यांतलं अंतर माझ्यापेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे त्याच्यासाठी दोन नळ्या लांब आणि माझ्यासाठी जवळ, नाहीतर चित्राच्या कडेला काळ्या सावल्या नाचतात. दुसरं, आय कप, म्हणजे डोळ्यांना टेकणाऱ्या, खाली-वर होणाऱ्या कडा. त्याला चष्मा आहे म्हणून त्याचे आय कप पूर्ण खाली, मी चष्म्याशिवाय बघते म्हणून माझे वर. (चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळा मागच्या भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण गोल दिसतो, तो आकडा बघितल्याशिवाय दुर्बीण घेऊ नका, १५ मिलिमीटरच्या खाली असेल तर अर्धाच गोल दिसणार. हिचा १७ आहे, त्याला पूर्ण गोल दिसतो.) तिसरं, डायॉप्टरची रिंग, तीच ती ढिली. चौथं, मधलं फोकसचं चाक. एवढं सगळं करेपर्यंत कुठला पक्षी बसून राहतो? वेडा राघू राहिला, तो भला. पण त्याच्यानंतर झुडपात जो एक वटवट्या होता तो माझ्या हातात दुर्बीण येईपर्यंत दुसऱ्या गावाला गेलेला असायचा, दर वेळी.

डायॉप्टरचं जरा सविस्तर सांगते कारण पुष्कळ लोकांच्या दुर्बिणीत ती रिंग खोक्यातून निघाली तशीच असते. आपल्या दोन डोळ्यांच्या नंबरात जो फरक असतो तो भरून काढायला ती असते. लावायची पद्धत सोपी: उजवा डोळा झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची एखादी पाटी स्वच्छ करा, मग चाकाला हात न लावता डावा डोळा झाका आणि उजव्या नळीवरची रिंग फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. झालं. यानंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. आता गंमत बघा, चष्मा त्याला आहे पण रिंग फिरवावी लागते मला. कारण त्याच्या दोन डोळ्यांतला फरक चष्म्यानेच भरून निघतो, त्याची रिंग शून्यावर. माझा उजवा डोळा किंचित अधू, आणि मी चष्मा लावत नाही, त्यामुळे माझी रिंग एका बाजूला सरकलेली. आणि आमच्या दुर्बिणीत ही रिंग इतकी ढिली आहे की आय कप वर करताना पण फिरते, केसमधून काढताना फिरते, नुसतं रागाने बघितलं तरी फिरते. जरा चांगल्या दुर्बिणींमध्ये ती लॉक होते किंवा खटखट अशा खाचांवर बसते. दोघांसाठी घेणार असाल तर मी म्हणेन काचेत थोडी तडजोड करा पण लॉकवाली रिंग घ्या.

आम्ही शेवटी जुगाड केला. रिंगवर नेलपॉलिशचे दोन ठिपके, लाल माझा, पांढरा त्याचा, आणि नळीवर एक बारीक रेघ. दुर्बीण हातात आली की ठिपका रेघेसमोर आणायचा. आय कपचा प्रश्न मी वेगळ्या पद्धतीने सोडवला, ते कायम खालीच ठेवायचे आणि मी दुर्बीण डोळ्यांच्या खोबणीत न धरता भुवयांच्या हाडाला टेकवायची, थोडी वाकडी, आधी जरा चित्र काळं होतं पण थोड्या वेळात सवय होते. एवढ्यावर बदलाबदलीचा वेळ निम्म्याच्या खाली आला.

दुसरी गोष्ट आम्हाला उमगली ती म्हणजे ज्याच्या हातात दुर्बीण नाही त्याने रुसून बसायचं नाही. त्याला काम आहे. दुर्बीणवाल्याला फक्त तो १३० वाला गोल दिसतो, म्हणजे ३० मीटरवर चार मीटर पण नाही, बाकी तळ्यावर काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो. हालचाल दिसते ती मोकळ्या डोळ्यांना. त्यामुळे रिकाम्या माणसाने शोधायचं आणि सांगायचं, आणि सांगताना "ते बघ तिकडे" असं नाही तर घड्याळाप्रमाणे, "मोठं झाड, दोन वाजता, खालून तिसरी फांदी". आणि ऐकणाऱ्याने नजर पक्ष्यावर ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, खाली दुर्बिणीकडे बघून मग पक्षी शोधायला गेलात की तो गेलाच समजा. फोनवर मर्लिन अ‍ॅप चालू होतं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठवाल्यांचं, २०२१ पासून ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. नाव सांगतं हो, पण कुठे बसलाय ते नाही सांगत, आणि कधीकधी मागच्या माणसाच्या शिट्टीलाही पक्षी समजतं. एकच विनंती, त्या फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नका, विणीच्या दिवसात तर नकोच, बिचारा आपल्या हद्दीत कोणी घुसलं म्हणून सगळं सोडून भांडायला येतो.

दुपारी झोप. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी नाच. जागा वरच्या बाल्कनीत मिळाली होती, स्टेज साधारण २५ मीटर. आता तो १३० चा आकडा काढा: २५ मीटरवर सव्वातीन मीटरचा गोल दिसतो. म्हणजे नाचणारी एक जोडी, पसरलेल्या हातांसकट, नेमकी मावते! आणि आठपट म्हणजे ती जोडी तुमच्यापासून तीन मीटरवर. दहापटमध्ये गोल पावणेतीन मीटरच्या आसपास आला असता आणि कोणाचा तरी हात कायम बाहेर राहिला असता. अंधार होता, लाइट सारखे बदलत होते, पण ५.२५ च्या गोलामुळे काळ्या कपड्यातल्या पायांच्या हालचाली पण कळत होत्या. शेजारच्या एका बाईंकडे छोटी खिशातली होती, मध्यंतरात अदलाबदल करून बघितलं, त्यांच्यातून चेहरे दिसत होते पण मंद निळ्या लाइटमध्ये पाय गायब.

मी पूर्ण शो चेहऱ्याकडे बघितलंच नाही. पाय आणि हात. आम्ही दोघं साल्सा शिकतोय, आणि क्लासमध्ये सर कितीही वेळा म्हणाले की वजन पूर्ण टाका, अर्धवट ठेवू नका, तरी ते म्हणजे नक्की काय हे मला दुर्बिणीतून कळलं. बाईचा पाय जमिनीला लागतो तेव्हा टाच लगेच टेकत नाही, आधी बोटांचा चवडा, मग गुडघा जरासा सरळ होतो तेव्हा टाच, आणि त्या क्षणाला दुसरा पाय इतका मोकळा असतो की कोणी फुंकर मारली तरी उडेल. आणि पुरुषाचा उजवा हात तिच्या पाठीवर असतो त्याची बोटं. साल्साच्या आठाच्या मोजणीत पाच-सहा-सातवर तिने गिरकी घ्यायची असेल तर ती बोटं तीनच्या आसपासच काहीतरी सांगून मोकळी झालेली असतात. खांदा नाही, दंड नाही, बोटं. खालून साध्या डोळ्यांना वाटतं तिला सगळं पाठ आहे.

पण दोघांत एक दुर्बीण हा प्रकार हॉलमध्ये सगळ्यात वाईट चालतो. अंधारात नेलपॉलिशचे ठिपके दिसत नाहीत. कुजबुजता येत नाही. शेवटी एक नाच त्याचा एक नाच माझा अशी वाटणी केली आणि रिंग बोटाने चाचपून लावली. आणि ती केस! वेल्क्रोची आहे. शांत तुकडा चालू असताना नवऱ्याने ती उघडली आणि चर्रर्र असा आवाज झाला की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. हॉलमध्ये नेणार असाल तर केस घरी ठेवा, मऊ कापडाच्या पिशवीत न्या.

शो संपल्यावर फ्लोअर उघडला. इथे दुर्बिणीचा काय संबंध असं वाटेल तर सांगते. दुर्बीण साडेसहाशे-सातशे ग्रॅमची. ऐकायला काहीच नाही. पण सकाळभर ती पातळ पट्ट्याने मानेवर लटकलेली, शिवाय झाडाच्या शेंड्यांकडे बघत मान मागे, दोन्ही हात वर. संध्याकाळी नाचायला उभे राहिलो तर आमचे दोघांचे खांदे कानाला टेकलेले. साल्सामध्ये खांदे खाली सैल पाहिजेत, हाताची फ्रेम, म्हणजे जोडीदाराला धरलेल्या हातांची चौकट, त्याच्यावरच उभी राहते, आणि आम्ही दोघं म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्या बगळ्यांची जोडी. पहिली दोन गाणी अशीच गेली, तो सिग्नल देतोय, मला तो पोचत नाही, मी भलत्याच दिशेला. तिसऱ्या गाण्यात सैल झालो मग मात्र मजा आली. तर सल्ला असा की खोक्यात मिळणारा पट्टा फेकून द्या आणि हार्नेस घ्या, पाठीवर फुली असलेला, वजन मानेवरून उतरून दोन्ही खांद्यांवर जातं. दुर्बिणीपेक्षा किती तरी स्वस्त वस्तू आहे पण फरक दुर्बिणीएवढा. आणि नाचताना दुर्बीण खुर्चीवर ठेवून जाऊ नका, बॅग ठेवायची सोय असेल तिथे ठेवा, माझं निम्मं लक्ष खुर्चीकडे होतं.

रविवार, मॅच. जाण्याआधी तिकिटावरचे नियम वाचा, पुष्कळ स्टेडियममध्ये जड किंवा टणक वस्तू आत नेऊ देत नाहीत आणि दुर्बीण त्यात बसते का हे गेटवरच्या माणसावर सोडण्यात अर्थ नाही. आम्ही आधी विचारून गेलो होतो.

आता खरं सांगू का, फुटबॉलच्या मॅचमध्ये दुर्बीण लावून खेळ बघायचा प्रयत्न करणाऱ्याला फुटबॉल कळत नाही. गणित करा. मैदान साधारण १०५ मीटर लांब नि ६८ रुंद. आमची जागा वरच्या स्टँडमध्ये, लांबच्या गोलपोस्टपर्यंत अंतर धरा १०० मीटर. त्या अंतरावर दुर्बिणीत दिसतो १३ मीटरचा गोल. पेनल्टी बॉक्सचीच रुंदी ४०.३२ मीटर आहे! म्हणजे एक पास झाला की बॉल दुर्बिणीच्या गोलाच्या बाहेर, मग तुम्ही दुर्बीण फिरवत त्याच्या मागे, तोवर तिसऱ्याकडे गेलेला. आणि ऑफसाइडचं तर विचारूच नका. ऑफसाइड ठरतं ते पास मारला जातो त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता यावर, म्हणजे पास मारणारा आणि शेवटून दुसरा बचावपटू, दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत, आणि त्यांच्यात सहज ३० मीटर अंतर असतं. १३ मीटरच्या गोलात ते दिसणं अशक्य. त्यामुळे आमच्या मागे एक काका दुर्बीण डोळ्याला लावून लाइन्समनला शिव्या घालत होते त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

दुर्बीण कामाची आहे ती खेळ थांबलेला असताना, आणि तिथे ती फारच कामाची आहे. फ्री किक मिळाली की बचाव करणाऱ्या खेळाडूंची भिंत बॉलपासून ९.१५ मीटरवर उभी राहते, सगळी भिंत दुर्बिणीच्या गोलात मावते, आणि गोलकीपर पोस्टला धरून बोटांनी दाखवतोय, एक पाऊल इकडे, अजून अर्धं, आणि भिंतीतला शेवटचा खेळाडू त्याच्याकडे न बघता हळूच स्वतःला सोयीचं तिथे सरकतोय, हे टीव्हीवर कोण दाखवतं? कॉर्नरच्या आधी बॉक्समध्ये जे चालतं, जर्सी पकडणं, पायावर पाय देणं, रेफरी वळला की साधुसंत होणं, तो वेगळाच नाच आहे. आणि पेनल्टी. पेनल्टीचा ठिपका गोललाइनपासून ११ मीटर, आमची जागा बाजूच्या स्टँडमध्ये असल्यामुळे ठिपका आणि लाइन दोन्ही त्या १३ मीटरमध्ये बसले, अगदी मापाने शिवल्यासारखे. किक मारताना गोलकीपरचा निदान एका पायाचा थोडा तरी भाग लाइनवर, लाइनच्या वर किंवा लाइनच्या मागे हवा असा नियम आहे, मी फक्त त्याच्या बुटांकडे बघत बसले. डावा बूट लाइनवर होता. बॉल कुठून गेला ते मला शेजारच्यांच्या ओरडण्यावरून कळलं, पण बूट लाइनवर होता हे मी शपथेवर सांगू शकते.

नवऱ्याने काय केलं? त्याने मॅच पक्ष्यांसारखी बघितली. बॉलकडे ढुंकून नाही. एक खेळाडू निवडायचा, उजव्या बाजूचा बचावपटू, आणि पाच-सात मिनिटं नुसता त्यालाच धरून बसायचं. आणि गंमत म्हणजे त्याला जे दिसलं ते मला इतकी वर्षं मॅच बघून दिसलं नव्हतं, की हा माणूस बॉल मिळायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघतो, दर वेळी, आणि ज्या एका वेळी त्याने बघितलं नाही त्याच वेळी बॉल गेला. "पक्षी पण उडायच्या आधी असंच मान फिरवतो," म्हणाला, आणि मी म्हटलं बरं. मग नंतर मी बघते तर दुर्बीण आकाशाकडे. फ्लडलाइटच्या खांबावर घार येऊन बसली होती. गोल झाला तेव्हा साहेब घारीची शेपटी बघत होते.

स्टेडियममध्ये बदलाबदली मात्र एकदम सोपी. इतक्या लांबचं बघताना फोकसचं चाक जवळजवळ फिरवावंच लागत नाही, आणि मॅचमध्ये मधला ब्रेक असतोच, पहिले ४५ मिनिटं एकाचं राज्य, पुढचे ४५ दुसऱ्याचं. दोनदाच रिंग. जोडप्यांनो, तुमची दुर्बीण फक्त मॅचसाठी असेल तर वरचं रिंगपुराण विसरा.

शेवटच्या अर्ध्या तासात पाऊस आला. ही दुर्बीण आयपीएक्स ७ ची आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जायला नको, आणि आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून बाष्प धरत नाही. ते सगळं खरं निघालं, आत काही झालं नाही. पण बाहेरच्या काचेवर थेंब पडले की दिसायचं बंद होतंच, तिथे कुठलाही आयपी नंबर कामाला येत नाही. मागच्या भिंगांवरचं रबरी झाकण पट्ट्यात ओवलेलं ठेवा, पावसात तेच वाचवतं. पुढच्या भिंगांची झाकणं नुसती दाबून बसवायची आहेत आणि ती पडतात, एक तळ्यावर पडलं ते सापडलं, दुसरं स्टेडियममधून परत आलंच नाही. आणि अशा वेळी शर्टाच्या टोकाने काच पुसू नका, धुळीचा एक कण पुरतो कोटिंगवर रेघ ओढायला. आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. आणि दुपारच्या मॅचला घारीमागे दुर्बीण फिरवताना सूर्य मध्ये आला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, घारीमागे जाणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला हे मी तीन वेळा सांगितलं आहे.

आता कोणी घ्यावी. एकटे असाल, पक्षी बघत असाल, तर डोळे झाकून घ्या, पूर्ण पाच स्टार, रिंग एकदा लावा नि वरून चिकटपट्टी मारा. दोघं असाल आणि दोघांनाही चष्मा असेल आणि दोघंही तो लावून बघत असाल तरी घ्या, कारण दोघांची रिंग शून्याच्या आसपासच राहील, फक्त बिजागरी हलवावी लागेल. आमच्यासारखं एक चष्म्यात एक बिनचष्म्याचं असेल तर एकच भारीतली घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात दोन साध्या बघा, पण दोन्ही आठपटच्याच, नाहीतर एकाला दिसतं ते दुसऱ्याला त्याच मापात दिसत नाही आणि "केवढा आहे" यावरून वाद होतो. दुसरी ८×३२ चालेल, गोल ४ मिलिमीटरचा, वजनाला बरीच हलकी, नाचाच्या हॉलमध्ये न्यायला पण बरी. आम्ही तीच बघतोय. कुठली कोणाची हे अजून ठरलेलं नाही, हलकी दोघांनाही पाहिजे आहे.